रिकामी एसटी

मिशिगनमध्ये दोनच ऋतू असतात असं इथले लोक म्हणतात. एक हिवाळा आणि दुसरा रस्तादुरुस्ती. नवीन आलो तेव्हा मला हा विनोद वाटला होता. पहिल्याच मार्चमध्ये टायर फाटला तेव्हा कळलं की ही गंभीरपणे दिलेली माहिती आहे.

कारण साधं आहे. डांबराच्या भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं आणि गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. दुपारी वितळतं, रात्री परत गोठतं. महिनाभर हा खेळ चालला की रस्ता आतून पोकळ होतो आणि मग एखाद्या ट्रकचं चाक गेलं की खड्डा तयार. काही ठिकाणी खड्डा पडत नाही, जमीनच वर उचलली जाते आणि रस्त्याला उंटासारखं मदार येतं. अमेरिकेत खड्डे नसतात असं ज्यांना वाटतं त्यांनी एप्रिलमध्ये डेट्रॉईटला यावं. चहा माझ्याकडून.

तर अशा गावात राहून शहाण्या माणसाने कोणती गाडी घ्यावी? उंच, मोठ्या चाकांची, एसयूव्ही वगैरे. मी २०१७ मध्ये घेतली माझदा मियाटा. सेकंडहँड, १९९६ चं मॉडेल, दोन सीट, कापडी छप्पर, वजन हजार किलोच्या आसपास. बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "बाकीची कुठंय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : मियाटा १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि २०१६ पर्यंत दहा लाखांच्या वर तयार झाल्या. जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. ताकद बेताचीच. पण वळणावर ती जे काही करते त्यासाठी लोक तिला जीव लावतात. जपानी लोकांनी ती बनवताना 'जिनबा इत्ताई' असा मंत्र धरला होता. म्हणजे घोडा आणि स्वार एकच.

आता इतकी सगळी जमून आलेली गाडी हातात आल्यावर इंजिनियर माणूस काय करतो? बरोबर. तिच्यात सुधारणा करतो.

माझ्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसलं होतं. रेसिंगच्या गाड्या कडक असतात, रेसिंगच्या गाड्या वेगवान असतात, म्हणून गाडी जितकी कडक तितकी वेगवान. (कॉलेजात असलं लॉजिक लिहिलं असतं तर सरांनी पेपर तोंडावर फेकला असता.) मी एक स्वस्तातलं कॉइलओव्हर किट आणलं. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उंची कमीजास्त करता येते असं. स्प्रिंगा मूळच्या दुपटीहून कडक. गाडी दोन इंच खाली बसवली. टायरमध्ये हवा ३४ भरली, कारण जास्त हवा म्हणजे जास्त कडक, आणि जास्त कडक म्हणजे... वरचं समीकरण बघा.

आणि खोटं कशाला बोलू, ऑफिसच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गाडी भन्नाट चालली. स्टिअरिंग फिरवलं की त्याच क्षणी नाक वळायचं. जरासुद्धा कलायची नाही. आपल्या धंद्यातल्या लोकांना एका वाक्यात सांगतो. डेमो झकास झाला होता. प्रॉडक्शनमध्ये टाकायचं बाकी होतं.

मे २०१८ मध्ये आई-बाबा आले.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बाबांनी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं गाडीच्या खाली. कमानपाटे, शॅकल पिना, बुश, यू बोल्ट हे शब्द आमच्या घरात भाजी-आमटीसारखे वापरले जायचे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांच्या नखांत काळं ग्रीस असतं. रिटायर झाले तेव्हा कमरेत एक मणका सरकलेला होता, तो तेवढा वर्कशॉपने त्यांना कायमचा दिला. म्हणजे तक्रार नाही हं, तेच स्वतः असं हसत सांगतात.

मला त्यांना गाडी दाखवायची होती. उगाच लपवत नाही, शाबासकी हवी होती. मुलगा दिवसभर कीबोर्ड बडवतो, पण बघा, स्वतःच्या हाताने सस्पेन्शन बदललं. वयाच्या चौतिसाव्या वर्षीसुद्धा बाबांकडून 'बरं केलंस' ऐकायचं असतं माणसाला.

रविवारी सकाळी त्यांना घेऊन निघालो. छप्पर उघडं, डोक्यावर माझी बेसबॉलची टोपी, बाबा खूश. हायवेवर पाच मिनिटं बरी गेली. मग काँक्रीटचे जोड लागले. धप्, धप्, धप्. बाबांनी एक हात दारावर ठेवला. मी बडबडत होतो, स्प्रिंग अशी, शॉकअप तसा. ते काही बोलले नाहीत. दुसरा हात सीटखाली गेला.

गावाबाहेर एक रस्ता आहे, दोन्ही बाजूंना शेतं, माझा आवडता. तिथे एक डावं वळण आहे आणि वळणाच्या मधोमध बर्फाने उचललेला एक उंचवटा. मूळच्या गाडीने मी तिथून ४५ मैलांनी, म्हणजे साधारण ७२ किलोमीटरच्या वेगाने, कित्येकदा गेलो होतो. उंचवटा आहे हे लक्षातही राहायचं नाही.

त्या दिवशी त्याच वेगाने गेलो. आधी समोरून दण्ण आवाज आला, मग मागून त्याहून मोठा. आणि गाडीचा पार्श्वभाग सरळ उजवीकडे निघून गेला. पुढच्या दोन सेकंदांत मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. स्टिअरिंग उलटं फिरवलं असणार. कडेच्या खडीचा आवाज आला, कुणाची तरी टपालपेटी माझ्या बाजूने अगदी जवळून गेली आणि गाडी रस्त्याच्या कडेला आडवी उभी राहिली. इंजिन बंद. समोरून कोणी येत नव्हतं, हे फक्त नशीब.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रिकामी एसटी आहे ही."

घरी येताना पंचवीस मैलांनी आणली गाडी. बाबांना उतरताना माझा हात धरावा लागला. पुढचे दोन दिवस ते गरम पाण्याची पिशवी घेऊन पालथे पडून होते. आई मला काहीच बोलली नाही. आई बोलत नाही तेव्हा काय असतं ते तुम्हाला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी बाबा उठून बसले तेव्हा मी विचारलं, "बाबा, रिकामी एसटी म्हणजे?"

तुम्ही कधी एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून प्रवास केलाय का? मागच्या चाकाच्याही मागे असते ती. गाडी रिकामी असली की प्रत्येक खड्ड्याला माणूस वीतभर वर उडतो. आणि तीच गाडी, तोच रस्ता, पण पन्नास माणसं आणि टपावर पोती असली की कशी डौलात डुलत जाते. बाबा म्हणाले, "पाटे भरलेल्या गाडीच्या हिशोबाने घातलेले असतात. गाडी रिकामी असली की ते वाकतच नाहीत. पाटा वाकला नाही तर खड्डा कुठं जाईल? वर येईल. तू एका माणसाच्या गाडीला पन्नास माणसांचे पाटे घातलेस."

एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. मी मात्र दोन रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि त्यांचं ते एक वाक्य फिजिक्समध्ये लिहून काढलं.

स्प्रिंगवर ठेवलेली कुठलीही वस्तू आपल्या एका ठराविक तालात वरखाली होते. स्प्रिंग कडक केली की ताल जलद होतो, वजन वाढवलं की संथ. साध्या आरामशीर गाडीचा ताल सेकंदाला एक वेळा किंवा थोडा जास्त. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारचा दीड ते दोन. माझ्या गणिताने मूळ मियाटा १.४ च्या आसपास होती आणि माझी 'सुधारित आवृत्ती' २.२ च्या. आकडे छोटे वाटतात, पण गंमत पुढे आहे. स्प्रिंग ही चाळणी आहे. तिच्या तालाहून बऱ्याच जलद येणारे धक्के ती खालीच अडवते, बाकीचे वर सोडते. माणसाच्या बसलेल्या शरीराला वरखाली हलण्याचा सगळ्यात जास्त त्रास सेकंदाला ४ ते ८ या टप्प्यात होतो. मी चाळणीची भोकं मोठी करून नेमका तोच माल बाबांच्या मणक्यावर सोडला होता.

पण हा झाला आरामाचा भाग. मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट. गाडी घसरली का? कडक गाडी वेगवान असते ना?

टायरची पकड त्याच्यावर दाब असेल तेवढीच. सपाट रस्त्यावर दाब स्थिर असतो. उंचवट्यावर चाक वर ढकललं जातं, दाब एकदम वाढतो, पलीकडे उतरताना एकदम कमी होतो. दाब दुप्पट झाला म्हणून पकड काही दुप्पट होत नाही, पण दाब गेला की पकड मात्र पूर्ण जाते. म्हणजे या वरखाली होण्यात टायर नेहमी तोट्यातच. स्प्रिंग मऊ आणि शॉकअप बरोबर असेल तर चाक उंचवट्यामागोमाग वर जातं, खाली येतं, आणि गाडीला पत्ताही लागत नाही. स्प्रिंग कडक असेल तर चाकाबरोबर गाडीही उडते.

त्यात मी गाडी दोन इंच खाली बसवलेली. वळणावर बाहेरच्या बाजूचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं. उरलेल्या जेमतेम इंचभर जागेत तो उंचवटा आला आणि मागचं सस्पेन्शन शेवटच्या रबरावर जाऊन आदळलं. त्या क्षणी मागे स्प्रिंग नावाची गोष्टच उरली नाही. एका टायरवर सगळा भार आला आणि त्याने हात वर केले. टपालपेटीची कथा ही इतकीच.

मग मला प्रश्न पडला की खरे स्पोर्ट्स कारवाले हे कसं सांभाळतात? त्यांनाही ऑफिसला याच रस्त्यांनी जावं लागतं. वाचायला लागलो आणि लक्षात आलं की याची बरीचशी उत्तरं माझ्या घरापासून तासाभराच्या आत शोधली गेली होती.

मॉरिस ऑली नावाचा इंग्रज इंजिनियर. रोल्स-रॉइस सोडून १९३० च्या सुमारास डेट्रॉईटला कॅडिलॅककडे आला. १९३२ मध्ये त्याने एका मोठ्या लिमोझिनला पुढे-मागे हलवता येतील अशी वजनं लावली, स्प्रिंगा बदलत राहिला आणि माणसं बसवून विचारत राहिला, आता कसं वाटतंय? (युजर टेस्टिंग आपण शोधलं असं कुणाला वाटत असेल तर असो.) त्याला सापडलं ते असं. उंचवटा आधी पुढच्या चाकांना लागतो, मागच्यांना थोड्या वेळाने. माझ्या गाडीत पुढची-मागची चाकं २२६५ मिलिमीटर अंतरावर आहेत. ताशी ६० किलोमीटरला हे 'थोड्या वेळाने' म्हणजे सेकंदाचा साधारण सातवा भाग. पुढचा ताल संथ आणि मागचा जलद ठेवला तर मागची बाजू उशिरा सुरुवात करूनही पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी मान हलवण्याऐवजी सपाट वरखाली होते. माझ्या किटमध्ये पुढच्या स्प्रिंगा मागच्यांहून बऱ्याच कडक होत्या. म्हणजे बरोबर उलटं. बाबा सीट धरून का बसले होते ते मला ८६ वर्षं जुन्या प्रयोगातून कळलं.

दुसरी गोष्ट १९८७ ची. तेव्हा डेट्रॉईटच्या चक्क गावातल्या रस्त्यांवर फॉर्म्युला वन व्हायची. मॅनहोलची झाकणं, जोड, गचके, सगळं होतं. लोटसने त्या वर्षी गाडीत कॉम्प्युटरने चालणारं सस्पेन्शन बसवलं होतं. सेन्सर चाकांची हालचाल मोजायचे आणि हायड्रॉलिक्स त्याप्रमाणे चाक वरखाली करायचं. आयर्टन सेनाने त्या गाडीने त्या मोसमात दोनच शर्यती जिंकल्या, मोनॅको आणि डेट्रॉईट. दोन्ही गावातले, खडबडीत रस्ते! डेट्रॉईटला तर तो टायर बदलायलासुद्धा थांबला नाही. १९९४ पासून फॉर्म्युला वनने असल्या सस्पेन्शनवर बंदी घातली.

रस्त्यावरच्या गाड्यांत त्याचा जरा गरीब पण हुशार भाऊ आला. २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आणि पुढच्या वर्षीच्या कॉर्व्हेटमध्ये. शॉकअपच्या तेलात लोखंडाचे अगदी बारीक कण असतात. विजेने चुंबकत्व दिलं की कण ओळीत उभे राहतात आणि तेल घट्ट होतं, वीज काढली की परत पातळ. वळणावर घट्ट, खड्ड्यात पातळ, आणि हा निर्णय सेकंदाला हजार वेळेपर्यंत. २०११ च्या मॅकलॅरेनने दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा अँटीरोल बारच काढून टाकला, कारण तो जाड असला की एका चाकाचा गचका दुसऱ्या चाकापर्यंत पोचवतो. त्याऐवजी शॉकअपमधलं तेलच नळ्यांनी एकमेकांशी जोडलं. गाडी कलायची नाही, पण एकटं चाक मोकळेपणाने वर जाऊ शकतं.

आणि ज्यांच्याकडे इतके पैसे नसतात ते काय करतात? तेच जे मियाटाच्या लोकांनी १९८९ मध्ये केलं होतं आणि मी मोडलं होतं. गाडी हलकी, चाकं छोटी आणि हलकी, कारण वर उडालेलं हलकं चाक लवकर खाली येतं. चारी चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक वरखाली झालं तरी टायर जमिनीवर जवळपास सरळ टेकलेला राहतो. स्प्रिंगा मऊ. थोडी कलते गाडी, कलू दे. या सगळ्या लोकांची खटपट एकाच गोष्टीसाठी होती. चाक जमिनीवरून सुटता कामा नये. कडकपणा हा त्यासाठी मोजावा लागणारा दाम आहे, आणि मी दामालाच माल समजून बसलो होतो.

शनिवारी बाबा म्हणाले, "जुन्या स्प्रिंगा टाकल्या नाहीस ना?"

टाकल्या नव्हत्या. शॉकअप नवीन मागवले, साधे, मूळच्यासारखे. गाडी चार स्टँडवर चढवली. बाबांना खाली वाकायची परवानगी नव्हती (परवानगी देणारी व्यक्ती दर दहा मिनिटांनी दारातून बघून जात होती), म्हणून ते खुर्ची टाकून बसले आणि मी खाली. "पाना असा धर." "जोर लावू नको, वजन टाक." एकतिसाव्या वर्षी रिटायर न होता सत्तराव्या वर्षी पुन्हा ड्युटीवर आल्यासारखा आवाज होता त्यांचा.

सगळं बसवून झाल्यावर मी विशबोनचे बोल्ट आवळायला घेतले तर ओरडले, "थांब! चाकं लटकताना आवळतोस?" बुशमधलं रबर जिथे आवळू तिथे अडकतं. चाकं लटकत असताना आवळलं तर गाडी खाली ठेवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, गचके देतं आणि लवकर फाटतं. आधी गाडी स्वतःच्या वजनावर उभी करायची, मगच आवळायचं. माझ्या पहिल्या 'सुधारणे'च्या वेळी मी काय केलं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं असावं.

शेवटी दाराच्या कडेवरचं स्टिकर बघितलं. हवा २६. बाबा म्हणाले, "हवा म्हणजे पहिली स्प्रिंग. तिच्यापासून सुरुवात करायची, तू शेवटी पोचलास."

संध्याकाळी मी म्हटलं, "चला बाबा, बघून येऊ." आणि मग आठवलं आपण कुणाला विचारतोय. आईने हातातला पेपर खाली ठेवला. बाबांनी एकदा कमरेवर हात फिरवला, एकदा गाडीकडे पाहिलं आणि टोपी घातली.

त्या वळणाशी आलो. मी वेग कमी केला होता, ३५ मैल, जास्त हिंमत नव्हती. बाबा वर्कशॉपातली कसलीशी गोष्ट सांगत होते. कुणी तरी १९९१ मध्ये त्यांच्याकडून पन्नास रुपये नेले होते आणि परत देताना... उंचवटा आला. नाक जरासं वर झालं, शेपूट मागोमाग आली, गाडी एकदा श्वास घेतल्यासारखी झाली आणि वळण संपलं.

"...चाळीसच दिले, म्हणाला दहाचा चहा तूच प्यायलास," बाबांनी वाक्य पुरं केलं.

मी काही बोललो नाही. तेही नाही.

कॉइलओव्हर अजून गॅरेजमध्ये खोक्यात पडून आहेत. कुणाला हवे असतील तर कळवा असं लिहिणार होतो. पण नको, राहू द्या तिथेच.